इनोट्रॉपिक म्हणजे जोर

"इनोट्रॉपिक म्हणजे काय?" सरांनी विचारलं आणि मी उभा राहून म्हणालो, "स्पीड."

प्रयोगशाळेत हशा पिकला. सर हसले नाहीत. ते हसल्याचं मला आठवतच नाही. त्यांनी हातातली पट्टी माझ्या टेबलावर आपटली आणि इंग्रजीत म्हणाले, "स्पीडला क्रोनोट्रॉपिक म्हणतात. मी जोर विचारतोय. हृदयाचा स्नायू किती वेळा आवळतो ते नव्हे, किती जोरात आवळतो ते. औषधानं तो जोर वाढला तर पॉझिटिव्ह इनोट्रॉपिक, घटला तर निगेटिव्ह. बस खाली." मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तमिळमध्ये म्हणाले, "तमिळ मीडियम ना? वाटलंच."

मी बसलो. मागच्या टेबलावरून कुणीतरी "स्पीड, स्पीड" असं कुजबुजलं. ते नाव मला वर्ष संपेपर्यंत चिकटलं.

मी फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाला होतो. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिलाच. अंबत्तूरहून निघायचं, बेसिन ब्रिजला गाडी बदलायची आणि गुम्मिडिपूंडीच्या बाजूला त्या माळावरच्या कॉलेजात पोचायचं. शाळा महापालिकेची, तमिळ माध्यमाची. घरात मराठी. इंग्रजी मी पुस्तकातून शिकत होतो आणि वर्गात ती तोंडातून बाहेर पडेपर्यंत सर पुढच्या मुलाकडे गेलेले असत. त्यांना माझ्यासारख्या मुलांचा रागच होता. आमच्यामुळे कॉलेजचा निकाल खाली येतो असं ते उघड म्हणायचे. मीही त्यांचा द्वेष करायचो, पण तो आतल्या आत. उलट बोलायला जी भाषा लागते तीच माझ्यापाशी नव्हती.

त्या संध्याकाळी गाडीत मी ते दोन शब्द मराठीत करून पाठ केले. क्रोनोट्रॉपिक, वेग. इनोट्रॉपिक, जोर. जोर हा शब्द मनात म्हटला आणि अण्णा आठवले. कारण आमच्या घरातली सगळी भांडणं त्याच एका शब्दावरून चालली होती.

अण्णा म्हणजे माझे वडील. शेजारची पोरं आम्हाला हसायची, कारण तमिळमध्ये अण्णा म्हणजे थोरला भाऊ. अण्णा सांगलीकडून तरुणपणी इथे आले आणि अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत फोर्जिंगच्या कारखान्यात लागले. लालभडक तापलेला लोखंडाचा तुकडा चिमट्यात धरून हवेच्या दाबावर चालणाऱ्या अजस्र हॅमरखाली द्यायचा, हे त्यांचं काम. त्यांचे दंड माझ्या मांडीएवढे होते. कारखान्यात निळा डगला घालावा लागे, पण घरातून निघताना अंगात पांढराच शर्ट हवा. तीन पांढरे शर्ट होते, आळीपाळीनं. रंगीत शर्ट घालून ते गेटपर्यंतही गेले नसते.

दोन वर्षांपूर्वी त्यांचे पाय सुजले. जिना चढताना दम लागायला लागला. रात्री आडवं होता येईना, भिंतीला टेकून बसायचे. कामगार विम्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, ईसीजीची पट्टी काढली आणि तमिळमध्ये सांगितलं, "हृदय मोठं झालंय. त्यातला जोर गेलाय." सोबत मी होतो. अण्णांनी डॉक्टरांकडे असं पाहिलं, जसं एखाद्यानं त्यांना भर बाजारात शिवी दिली असावी.

बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, "माझ्यातला जोर गेला म्हननारा ह्यो कोन? ह्यानं कधी हॅमर बघितलाय?"

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्यातली एक छोटी पांढरी गोळी हृदयाचा जोर वाढवणारी होती, डिगॉक्सिन. ती सोमवार ते शुक्रवार घ्यायची, शनिवार-रविवार घ्यायची नाही, असं त्यांनी दोनदा सांगितलं. कारण सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. कारखान्यानं अण्णांना हॅमरवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं. स्टोअरला ऑफिससारखी शनिवार-रविवार सुट्टी. तिथे बसून नटबोल्ट मोजून द्यायचे. आईला वाटलं, सुटलो. पण तिथून आमचं घर नासलं.

अण्णा घरी येत ते भांडण शोधतच. भात मऊ झाला, पंखा आवाज करतो, टँकरच्या लॉरीचं पाणी भरायला आईला उशीर झाला, काहीही पुरायचं. माझ्यावर त्यांचा वेगळा राग होता. त्यांनी मला कारखान्यात अप्रेंटिस म्हणून लावायचं ठरवलं होतं, फोरमनशी बोलणंही झालं होतं. मी फार्मसीचा फॉर्म भरला.

"चार वरसं शिकून काय हुनार?" ते विचारायचे.

"फार्मासिस्ट."

"म्हंजी कंपाउंडर. पुड्या बांधनार. त्याला चार वरसं?"

मी ताटात बघून जेवत राहायचो. आई म्हणायची, "जेवू द्या की त्याला." मग तिचा नंबर लागायचा.

गोळीनं मात्र गुण दिला. पायाची सूज उतरली, दम कमी झाला. अण्णा पुन्हा सरळ चालायला लागले आणि सरळ फोरमनकडे गेले. कारखान्यात मोठी ऑर्डर आलेली, माणसं कमी. दसऱ्याच्या सुमाराला अण्णा पुन्हा हॅमरवर उभे राहिले. त्या दिवशी घरी आले ते शीळ घालत. आईनं विचारलं, "डागदरला इचारलंय का?" तर म्हणाले, "डागदर हॅमर चालवितो का?"

आता आठवड्याचे सहा दिवस काम, शिवाय रविवारी ओव्हरटाइम, आणि अधूनमधून पाळीला पाळी जोडून डबल. घरात थोडे दिवस शांतता होती. मग शर्टांचं सुरू झालं.

"हे शर्ट पिवळं पडल्यात," एके सकाळी ते आईवर ओरडले. "धुता येत न्हाई का?"

आईनं शर्ट हातात घेऊन पाहिला. मला पांढराच दिसत होता. तिलाही. पण तिनं वाद घातला नाही, दुसऱ्या दिवशी नीळ घालून धुतला. अण्णांनी दोरीवरून ओढून काढला आणि म्हणाले, "तसाच हाय. हळदीत बुडविल्यावानी." आईनं आणखी नीळ घातली. ते पुन्हा म्हणाले, पिवळा. शेवटी शर्टांना आकाशी झाक आली, शेजारीण विचारायला लागली की नवे घेतले का, आणि अण्णा तरीही पिवळा म्हणून शर्ट भिरकावून द्यायचे. आई रडली नाही. ती बादलीवर हात आपटत धुवायला लागली. तिला वाटलं, आता हा माणूस खोटंच भांडण काढतोय. मलाही तेच वाटलं. बारा महिने भांडणाऱ्या माणसाची एखादी तक्रार खरी असेल असं कुणाच्या मनात येतं?

जेवणही तुटलं. ताट पुढे सरकवून म्हणायचे, "सगळ्याला ग्रीसचा वास येतोय." अंगावरचं मांस उतरायला लागलं. हॅमरच्या कामानं उतरलं असेल असं धरून चाललो.

मग तो रविवार. मी सकाळी अंथरूण काढत होतो. अण्णा ओव्हरटाइमला निघाले होते. देवांच्या फळीवरून त्यांनी गोळ्यांची पट्टी काढली, एक गोळी फोडली आणि चहाबरोबर घेतली. ती छोटी पांढरी.

"अण्णा," मी म्हणालो, "आज रविवार आहे."

"मग?"

"ती गोळी शनिवार-रविवार घ्यायची नाही ना?"

"ते स्टोअरमदी व्हतो तवा. काम न्हाई तर गोळी कशाला? आज ड्यूटी हाय."

"म्हणजे तुम्ही रोज घेता?"

"ड्यूटी आसंल त्या दिवशी घेतो."

"आणि डबल पाळी असली तर?"

त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "डबल पाळीला डबल. हॅमरला बी दुप्पट हवा लागती. फुकटात चालतोय व्हय?"

त्यांचा हिशोब मला तेव्हा कळला आणि तो त्यांच्या जगात चोख होता. गोळी जोर देते, जोर कामाला लागतो. स्टोअरमध्ये होते तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेली सुट्टी आणि कारखान्याची सुट्टी एकच होती, म्हणून त्यांनी ती गोळीचीही सुट्टी धरली होती. काम वाढलं, गोळी वाढली. कारखान्यातल्या माणसानं दुसरा कसला हिशोब करावा?

"डॉक्टरांना विचारूया," मी कसंबसं म्हणालो.

"चार बुकं वाचून मला शिकिवतोस?" ते चपला घालत म्हणाले. "आधी पास हो." आणि गेले.

मी पुस्तक काढून बसलो. ते प्रकरण अजून शिकवलं नव्हतं. इंग्रजी दाट होतं, पण एवढं कळलं की हे औषध शरीरातून सावकाश बाहेर पडतं आणि साचत जातं. साचून काय होतं ते पुढच्या पानांवर होतं आणि तिथे माझा गोंधळ उडाला. मला भीती वाटली, आणि आपली भीती बरोबर आहे की नाही याचीही खात्री नव्हती. वेग आणि जोर यांत गफलत करणाऱ्या मुलानं बापाला काय सांगायचं? आईला तेवढं म्हणालो, "त्यांना जास्त गोळ्या घेऊ देऊ नकोस." ती म्हणाली, "माझं कवा ऐकलंय त्यांनी?"

त्याच आठवड्यात आमचं प्रॅक्टिकल लागलं. बेडकाच्या हृदयावर औषधाचा परिणाम.

ते काम कसं चालायचं ते सांगतो, कारण आता तसं फारसं कुठे होत नाही. पितळी ड्रमवर चकचकीत कागद गुंडाळायचा आणि रॉकेलच्या धुरावर फिरवून तो काजळीनं काळा करायचा. हात, बाह्या, नाक, सगळं काळं होतं. सरांनी बेडूक आधीच मारून दिलेला असतो, पण छाती उघडल्यावर हृदय चाललेलंच असतं. त्यात बारीक नळी घालून मिठाचं पाणी सोडायचं. हृदयाच्या टोकाला आकडा, आकड्याला दोरा, दोऱ्याला हलकी काडी. हृदय आवळलं की काडी हलते आणि काळ्या कागदावर पांढरी रेघ ओढते. ड्रम फिरत राहतो. रेघ जेवढी उंच तेवढा जोर. रेघा जेवढ्या जवळजवळ तेवढा वेग. पुस्तकात जे मला कळलं नव्हतं ते त्या कागदावर एका मिनिटात कळलं.

"आधी त्याला थकवा," सर म्हणाले. कॅल्शियम कमी असलेलं पाणी सोडलं. रेघा बुटक्या झाल्या. "हे आजारी हृदय. आता औषध."

आमच्या टेबलावर डिजिटॅलिस आलं होतं, अण्णांच्या गोळीच्या कुळातलं. मी थेंब सोडले. थोड्या वेळानं रेघा उंच व्हायला लागल्या. उंच आणि विरळ. जोर वाढला होता, वेग कमी झाला होता. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. हे अण्णांना दाखवता आलं असतं तर, असंही वाटून गेलं.

"आणखी घाल," सर म्हणाले.

मी घातलं. रेघा आणखी विरळ झाल्या. मग एक रेघ आलीच नाही. दोन आल्या, पुन्हा एक गाळली.

"आणखी."

"सर, ते चुकतंय."

"मला दिसतंय. आणखी घाल म्हटलं ना, स्पीड." त्यांनाही ते नाव कळलं होतं.

मी घातलं. काडी वर गेली आणि वरच राहिली. खाली आलीच नाही. मी वाकून पाहिलं. हृदय लहान झालं होतं, पांढुरकं, आवळलेलं. मला वाटलं होतं हृदय थांबतं ते दमून, सैल पडून थांबतं. हे जोरातच थांबलं होतं. जोरानंच मारलं होतं.

सरांनी सगळ्यांना आमच्या टेबलापाशी बोलावलं. "बघून घ्या. उपयोगाचा डोस आणि विषाचा डोस यांत फार अंतर नाही. माणसात काय दिसतं? भूक मरते, उलट्या होतात, नाडी मंद होते, ठोके गळतात. आणि परीक्षेत हमखास विचारतात ते एक, पेशंटला सगळं पिवळं दिसतं."

बाकीचे लिहून घेत होते. माझा हात वर गेला. तो कसा गेला मला माहीत नाही.

"सर, पांढरा शर्ट पिवळा दिसेल?"

हशा. कुणीतरी "स्पीडच्या शर्टला काय झालं?" म्हणालं.

"कुणाला?" सरांनी विचारलं.

"माझ्या वडिलांना. ते डिगॉक्सिन घेतात. रोज. डबल पाळीला दोन."

हसणं थांबलं. सर माझ्याजवळ आले. "किती दिवस?"

"हॅमरवर परत गेल्यापासून. दिवाळीच्या आधीपासून."

"जेवतात?"

"नाही."

"मग इथे उभा राहून मला काय विचारतोस?" ते इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या प्रयोगशाळेतली मुलं दारात आली. "मी बेडकांचा डॉक्टर आहे! घरी जा आणि त्यांना हॉस्पिटलात ने. आत्ता."

"सर, रेकॉर्डची वही पुरी करायची..."

"रेकॉर्ड बापाच्या छातीवर ठेव! पो! चालता हो!"

मी हातही न धुता पळालो. त्या दुपारची गैरहजेरी सरांनी लावलीच, ते मला नंतर कळलं.

घरी पोचलो तेव्हा अण्णा दुसऱ्या पाळीला निघाले होते. आरशासमोर शर्टाची बटणं लावत होते. चेहरा राखेसारखा. दारातूनच म्हणालो, "अण्णा, जाऊ नका. दवाखान्यात चला. गोळी जास्त झालीय."

"कॉलेजातनं पळून आलास?"

मी पुढे होऊन त्यांचं मनगट धरलं. नाडी सापडायला वेळ लागला. मग लागली. ठोका, बरीच वाट, ठोका, आणि मग नुसतीच वाट. दोन तासांपूर्वी तोच नमुना मी काळ्या कागदावर पाहिला होता.

अण्णांनी हिसका देऊन हात सोडवला आणि मला ढकललं. मी देवांच्या फळीवर आपटलो. मग त्यांचं लक्ष बाहीकडे गेलं. माझ्या बोटांची काजळी पांढऱ्या कापडावर उमटली होती.

"शर्ट नासला माझा! ड्यूटीला निघालेल्या मान्साचा शर्ट!" त्यांनी हात उगारला.

आई मधे आली. मला वाटलं, ती मला वाचवायला आली. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. "काडा त्यो," ती अण्णांना म्हणाली. "धुतलेला देते." त्यांनी रागारागात शर्ट काढून तिच्या अंगावर फेकला. तिनं तो घेतला, दोरीवरचे दुसरे दोन्ही ओढले आणि सरळ मोरीत जाऊन लॉरीच्या पाण्यानं भरलेल्या पिंपात तिन्ही शर्ट कोंबले. प्यायच्या पाण्याच्या. ज्या पाण्यासाठी ती पहाटे रांगेत भांडायची, त्या पाण्यात. हात कोपरापर्यंत आत घालून ते तिनं तळाशी दाबून धरले.

"खुळी झालीस काय?" अण्णा किंचाळले.

"व्हय. जावा आता. बनियनवर जावा." मग तिनं एक शर्ट पाण्यातून वर काढला, निथळता, निळसर, त्यांच्या तोंडासमोर धरला. "ह्यो कुठल्या रंगाचा, ते सांगा आधी."

अण्णांनी शर्टाकडे पाहिलं.

"पिवळा," ते म्हणाले. "पिवळाच हाय."

"बाटलीभर नीळ घातलीया म्या त्यात," आई म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच फुटला. "मला वाटलं तुमी मुद्दाम करताय."

अण्णा हटले नाहीत. खांद्यावर टॉवेल टाकून बनियनवरच दाराकडे निघाले. हेच त्यांचं मला सगळ्यात जास्त आठवतं. कळल्यावरही ते निघाले. उंबऱ्यापाशी त्यांनी चौकट धरली, तशीच धरून ठेवली आणि खाली बसत गेले. मग उलटी. कोपऱ्यावरून मी रिक्षा आणली आणि आम्ही दोघांनी त्यांना आत चढवलं. वाटभर ते मला शिव्या देत होते, हळू आवाजात, दम घेत घेत.

हॉस्पिटलात तातडीच्या विभागातली डॉक्टरीणबाई तरुण होती आणि आधीच वैतागलेली. तिनं अण्णांना तमिळमध्ये विचारलं, "ही गोळी कशी घेता?"

"लिहून दिलीय तशी," अण्णा म्हणाले.

ते खोटं इतकं सरळ होतं की बाईंनी ते लिहूनही घेतलं. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ मला कळत होता. बाहेरच्या माणसापुढे, बाईमाणसापुढे, त्यांना खोटं पाडायचं नाही. आमच्या घरात तसं कधी कुणी केलं नव्हतं. आई खाली बघत उभी होती.

"खोटं आहे," मी म्हणालो. "रोज घेतात. डबल पाळीला दोन घेतात. सगळं पिवळं दिसतंय त्यांना."

"तू कोण?"

"मुलगा. फार्मसीला आहे."

"फार्मसीला आहेस आणि इतके दिवस घरात झोपला होतास?" ती म्हणाली आणि पट्टी काढायला ओरडली. पट्टीवरच्या रेघांकडे तिनं एकदाच पाहिलं आणि मग मात्र ती नुसती पळापळ करायला लागली. ती गोळी त्याच क्षणी बंद झाली. अण्णांना छातीला मॉनिटरच्या तारा लावून आत ठेवलं. ते आठवडाभर तिथे होते. औषध सावकाश उतरलं, जसं पुस्तकात लिहिलं होतं.

त्या आठवड्यात ते माझ्याशी बोलले नाहीत. घरी सोडायच्या दिवशी बाईंनी कारखान्यासाठी कागद दिला. जड काम कायमचं बंद, हॅमरच्या आसपासही नको. मी तो अण्णांना वाचून दाखवला. त्यांना ऐकायचा नव्हता, पण मी वाचला.

ते म्हणाले, "माझ्या पोटावर पाय दिलास तू."

मी म्हणालो, "तुम्ही मेला असता."

"मेलो असतो तर हॅमरपाशी मेलो असतो."

मी कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

वर्षाच्या शेवटी तोंडी परीक्षेत सरांनी मला पुन्हा तोच प्रश्न विचारला. इनोट्रॉपिक म्हणजे काय? मी सांगितलं, जोर, आणि वेगापासून तो कसा वेगळा तेही सांगितलं. डिजिटॅलिसचं विचारायची वाट पाहत होतो. वडिलांचं विचारतील असंही वाटलं होतं. ते फक्त म्हणाले, "नेक्स्ट." मी पास झालो.

अण्णा निवृत्तीपर्यंत स्टोअरमध्ये बसले. आता वेगळ्या गोळ्या होत्या, रोजच्या, आणि त्या आई हातात देत असे. रोज सकाळी मला त्यांची नाडी बघावीशी वाटे, पण त्यांनी मनगट कधी दिलं नाही. मी जवळ गेलो की हात टॉवेलाखाली जायचा. "कंपाउंडर आला," एवढं म्हणायचे, तेही आईला. माझ्याशी ते गरजेपुरतं बोलत. मला नोकरी लागली त्या दिवशीही त्यांनी पेपरातून मान वर काढली नाही.

पण स्टोअरला जातानाही पांढरा शर्ट सुटला नव्हता. आई नीळ बेतानं घालायला लागली होती. अण्णा दोरीवरून शर्ट काढायचे, लगेच अंगात घालायचे नाहीत. खिडकीपाशी जायचे, दोन्ही खांद्यांना धरून तो उजेडात धरायचे आणि बराच वेळ बघत राहायचे. एकदा आईनं विचारलं, "काय बघताय?"

"डाग," ते म्हणाले.

शर्टावर डाग नव्हता. मी दारात बूट घालत उभा होतो. त्यांनी शर्ट खाली घेतला तेव्हा मी त्यांना दिसलो.

"तू काय बघतोस?" ते खेकसले. "जा की. गाडी जाईल तुझी."